मंजूर, मंजूर!

हे बगा, कॉर्पोरेट गव्हर्नन्स, म्हंजे कंपनीचा कारभार नीट चालतो का, संचालकांवर वचक आहे का, ते म्हणलं की आपल्याला वाटतं हे मुंबईच्या काचेच्या बिल्डिंगीतलं काम, आपल्या अंबाजोगाईला त्याचं काय. पण मी तीस वर्षं पतसंस्थांची, अर्बन बँकांची ऑडिटं केलीत, गडबड दोन्हीकडं सारखीच असते, आकड्यापुढची शून्यं तेवढी वेगळी.

आपली वार्षिक सभा आठवा. नोटिशीतच छापलेलं असतं, गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी होईल, तिला गणसंख्येची अट नाही. म्हंजे कुणी आलं नाही तरी सभा होणारच! सेक्रेटरी वाचायला लागतो, विषय क्रमांक चार, थकीत कर्जांचा... वाक्य पुरं व्हायच्या आत मागून 'मंजूर, मंजूर', कारण बाहेर बुंदी तळायला लागलेली असते. माझ्या स्वतःच्या पतसंस्थेत एकदा मी सभासद म्हणून उठलो, म्हणलं संचालकांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाची यादी वाचा. चेअरमन हसून म्हणले, साहेब, आधी जेवून घ्या. जेवलो मी, खोटं कशाला बोलू. यादी काही आली नाही.

आता सत्यम घ्या, हैदराबादची मोठी सॉफ्टवेअर कंपनी, चेअरमन रामलिंग राजू. डिसेंबर २००८ मधे बोर्डानं ठरवलं की राजू कुटुंबाच्याच मेटास नावाच्या दोन बांधकाम-जमिनीच्या कंपन्या विकत घ्यायच्या, साधारण १६० कोटी डॉलरला. बोर्डात हार्वर्डचे प्रोफेसर, माजी कॅबिनेट सेक्रेटरी, असली मोठी मोठी माणसं, आणि सगळ्यांचं मंजूर! शेअरहोल्डर खवळले म्हणून काही तासांत सौदा मागं घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली ५,००० कोटींच्या वरची रोकड मुळात नाहीच.

मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेत तर निम्म्याहून लई जास्त कर्ज एकट्या एचडीआयएल या बिल्डर ग्रुपला दिलेलं, आणि ते झाकायला २१ हजारांवर बनावट खाती, असं चौकशीत निघालं. सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला काढता येत होते फक्त १,००० रुपये.

२०१३ चा कंपनी कायदा म्हणतो लिस्टेड, म्हंजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत निदान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र, म्हंजे मालकाशी लागेबांधे नसलेले पाहिजेत. ठीक. पण ज्याला चेअरमननंच बोलावून खुर्ची दिली तो चेअरमनला कामून अडवील? आपल्याकडं तर संचालक म्हंजे साडू, व्याही, नाहीतर सोयाबीनच्या आडतीतला भागीदार.

आणि हो, बँक बुडली तर फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखापर्यंत ठेव विम्यात आहे. पतसंस्थेला हा विमा नाही, मल्टिस्टेट, म्हंजे अनेक राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थेलाही नाही, मग तिथं एसी कितीका गार असंना. दीड टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून उसाचं बिल उचलून तिथं ठेवणारे या हॉलमधेपण आहेत, मला तोंडं दिसायलीत.

माझ्या पतसंस्थेची यंदाची नोटीस परवाच आली. सभा अकराला, गणसंख्या नसली तर साडेअकराला. ती यादी मी ह्या वेळी लेखी मागितलीय, पोच घेतलीय. जेवणाला काय आहे ते तेवढं अजून कळलं नाही.