पायथ्यापासून मोजा

(दृश्य: पहाटेची पनवेल लोकल. दाराजवळ रचलेल्या पाठपिशव्या.)

रविवारी पहाटेच्या हार्बर लोकलमध्ये अशा पाठपिशव्या दिसायला लागल्या की समजावं, पाऊस ओसरला. वडाळा, कुर्ला, वाशी करत गाडी पनवेलला पोचेपर्यंत डबा निम्मा ट्रेकर मंडळींचा झालेला असतो. त्यातले बरेच जण पहिल्यांदाच निघालेले असतात. कुठं जायचं हे ठरलेलं असतं मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओवरून. त्यात माथा दिसतो, ढग दिसतात. पायथा कुणी दाखवत नाही.

(दृश्य: टेबलावर पसरलेला नकाशा. रेघांवरून सरकणारं बोट.)

म्हणून पहिल्या ट्रेकसाठी किल्ला निवडायची सुरुवात इथून. हा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा. तपकिरी रेघा म्हणजे समोच्च रेषा. एका रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलात की २० मीटर चढलात. पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाट किती रेघा ओलांडते ते मोजायचं आणि त्याला वीसनं गुणायचं. तो तुमचा चढ. रेघा एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथं कडा किंवा छातीवरचा चढ, सुट्या सुट्या असतील तर पठार. मोबाइलवरच्या नकाशातही या रेघा मिळतात, पण तिथं दोन रेघांमधला उंचीचा फरक कधी १० मीटर असतो, कधी ४०. ते आधी बघून घ्या, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

आता दोन किल्ले शेजारी ठेवू. समुद्रसपाटीपासून लोहगड १,०३३ मीटर. कर्नाळा साडेचारशेच्या आतबाहेर. आकडे वाचून नवखा माणूस लोहगडला घाबरतो. पण लोहगडसाठी उतरायचं ते मळवली स्टेशन बोरघाट चढून गेल्यावर येतं, ते स्वतःच सहाशे मीटरच्या आसपास आहे. कर्नाळ्याचा पायथा मात्र कोकणात, समुद्रसपाटीपेक्षा फारसा वर नाही. म्हणजे पायांना पडणारा चढ दोन्हीकडे चारशेच्या घरातच. गाडीनं थेट लोहगडवाडी गाठली तर लोहगड त्याहूनही सोपा, वर पायऱ्याच आहेत. राजमाचीचं तर वाटेवर ठरतं. लोणावळ्याकडून गेलात तर अंतर लांब, चढ थोडा. कर्जतकडून कोंदिवड्यावरून गेलात तर तोच किल्ला घाम काढतो. ‘राजमाची सोपा का?’ असं विचारणाऱ्याला आधी ‘कुठून?’ विचारावं लागतं.

चढाचं तासात रूपांतर करायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम अजून चालतो: ५ किलोमीटरला एक तास, ६०० मीटर चढाला आणखी एक तास. मात्र तो त्यांच्या थंड हवेतला. आपल्या दमट हवेत पहिल्यांदा चढणाऱ्यानं तासाला ३०० मीटरच धरावेत. त्या हिशेबानं कर्नाळ्याला चढायला दोन तास, माथ्यावर एक, उतरायला दीड. सकाळी साडेसातला पाय टाकला तर बारा-साडेबाराला खाली. पहिल्या ट्रेकला एवढंच हवं. म्हणून आम्ही कर्नाळा निवडला.

(दृश्य: पनवेल एसटी स्थानक. पेणकडची लाल गाडी.)

पनवेल रेल्वे स्टेशनवरून रिक्षानं एसटी स्थानक, तिथून पेण-अलिबागकडे जाणारी साधी गाडी. चढतानाच कंडक्टरला ‘कर्नाळा अभयारण्य’ म्हणून सांगायचं. लांब पल्ल्याच्या गाड्या इथं थांबतीलच असं नाही. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. पुढं डावीउजवीकडे झाडी दाटते आणि झाडांवर उभा अंगठा दिसतो. तोच कर्नाळ्याचा सुळका.

(दृश्य: वन खात्याचं गेट. टेबलावर ओळीनं मांडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या.)

हे अभयारण्य १९६८ साली जाहीर झालं, पक्ष्यांसाठी. गेटवर शुल्क घेतात आणि पिशवीतलं प्लॅस्टिक मोजतात. जितकं नेलं तितकं परत आणून दाखवलं, की अनामत परत. काहींना याचा राग येतो. गडावरच्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांमध्ये एकदा डोकावून पाहिलं की तो जातो.

(दृश्य: झाडी. पांढरी लांब शेपटी फांदीवरून फांदीवर.)

हा स्वर्गीय नर्तक, नर. (थोडा वेळ निवेदन थांबेल.) तो दिसतो ते सकाळच्या शांततेत. स्पीकर लावून चढणाऱ्यांना दिसत नाही. बरोबर लहान मुलं किंवा गुडघे दुखणारं कुणी असेल तर किल्ला सोडून द्या. अभयारण्यातल्या हरियाल आणि मोरटाका या निसर्गवाटा त्यांच्यासाठीच आहेत.

(दृश्य: चढाची वाट, मुळं, सुटे दगड.)

पहिला टप्पा झाडीतला आणि खडा. बहुतेक जण दमतात ते इथंच, कारण गाडीतून उतरल्या उतरल्या धावत सुटतात. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं चढा. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. दर दहा मिनिटांनी बसू नका, पाय आखडतात.

माणशी तीन लिटर पाणी. वाटेत भरवशाचं पाणी नाही, वरच्या टाक्यांतलं न गाळता, न उकळता पिऊ नये. तहान लागायची वाट न बघता घोट घोट प्यायचं, एका लिटरमध्ये लिंबू-मीठ-साखर. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं आणि घामावाटे गेलेलं मीठ भरून निघालं नाही, तर उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात. खायला गूळ-शेंगदाणे, ठेपले, काकडी. वेफर्स नकोत, तहान वाढते.

(दृश्य: झिजलेला तळवा आणि नवा तळवा, जवळून.)

डावीकडचा बूट रोजच्या पळण्याचा, नक्षी गेलेला. उजवीकडच्याला खोल खाचा आहेत. सुक्या मातीवरच्या बारीक खड्यांवर, म्हणजे घसाऱ्यावर, डावा बूट बेअरिंगवर उभं राहिल्यासारखा सरकतो. नवे बूट घेतलेच तर आधी आठवडाभर ऑफिसला घालून जा. मोजे सुती नकोत, ओले राहतात आणि टाचेला फोड येतो. आदल्या रात्री पायाची नखं कापा. उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटतात, वाढलेलं नख काळंनिळं पडतं.

(दृश्य: धार. दोन्ही बाजूंना उघडं आकाश.)

झाडी संपली की वाट धारेवर येते. इथून चढ मवाळ, ऊन मात्र थेट. टोपी आता पिशवीतून काढून डोक्यावर घाला. मध्येच गुरांच्या ढोरवाटा फुटतात. मळलेली वाट आणि ढोरवाट यात फरक सोपा आहे: ढोरवाट पाच-दहा मिनिटांत झुडपात विरते. तशी विरली तर पुढं रेटू नका, शेवटच्या खात्रीच्या जागी परत या. वाट सोडून कड्याकडे भरकटल्यामुळे दरवर्षी सह्याद्रीत माणसं जातात.

कर्णाईचं मंदिर, पडका दरवाजा, मग पायऱ्या.

(दृश्य: सुळका, खालून वर. कातळाच्या पोटाशी लोंबणारी काळी मोहोळं.)

ही आग्या मोहोळं. नीट बघा, पोळ्याच्या पृष्ठभागावर लाट फिरते आहे. त्या माशाच आहेत, अंगावर अंग टाकून बसलेल्या. धोका वाटला की एका टोकाच्या माश्या पोटं उचलतात आणि ती हालचाल पोळंभर पसरते. त्यांना चिडवायला धूर पुरतो, भिरकावलेला दगड पुरतो, अत्तराचा भपकाराही. म्हणून सेंट, डिओ घरीच. सुळक्याखाली सिगारेट नाही, शेकोटी नाही, आरोळ्या नाहीत, ड्रोन तर नाहीच. हे चित्रण आम्ही लांबून, मोठ्या लेन्सनं केलं.

माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत. ओढणी, टॉवेल, जे असेल त्यानं डोकं-चेहरा झाकून आल्या वाटेनं पटकन खाली, झाडीत. टाक्यात उडी मारू नये, त्या वर घोंघावत थांबतात. रुतलेली नांगी लगेच काढायची, नखानं खरवडून किंवा चिमटीत धरून; जितका उशीर, तितकं विष आणखी आत जातं. श्वास लागला, ओठ-डोळे सुजले तर थेट दवाखाना.

सुळक्यावर चढायचं काम दोर आणि प्रस्तरारोहणाचं शिक्षण असलेल्यांचं. आपला माथा इथंच, टाक्यांपाशी.

(दृश्य: सावकाश फिरणारा कॅमेरा.)

समोर प्रबळगड. तिकडे माणिकगड. प्रबळगडामागं माथेरानचं पठार.

(दृश्य: उतरणारे पाय.)

उतरताना शरीराचा भार मागं टाकला की टाच सटकते. गुडघे किंचित वाकवा, पावलं छोटी ठेवा, पूर्ण तळवा टेकवा. सुक्या गवताला धरू नका, ते मुळासकट हातात येतं. झाडाची मुळी धरायची तर आधी ओढून बघा.

(दृश्य: महामार्ग. भरधाव ट्रेलर.)

गेटवर बाटल्या दाखवून अनामत घ्या. पनवेलची गाडी पलीकडच्या बाजूला मिळते, म्हणजे रस्ता ओलांडणं आलं. सबंध दिवसातली सगळ्यात धोक्याची जागा हीच. दमलेल्या पायांनी पळत सुटू नका. सगळे एकत्र थांबा, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की एकत्रच निघा. एसटीला हात लांबूनच दाखवायचा, वळणावर नाही. वळणावर ड्रायव्हर गाडी थांबवत नाही.