एका चार्जमध्ये किती जाते?

(दृश्य: शोरूम. बॉनेटपाशी उभं एक कुटुंब.)

पेट्रोल गाडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला, ॲव्हरेज किती? इलेक्ट्रिक गाडीसमोर तोच गिऱ्हाईक विचारतो, एका चार्जमध्ये जाते किती? सेल्समन सांगतो तो बहुधा एआरएआयचा आकडा. गाड्यांची चाचणी घेणारी ही संस्था पुण्यात, वेताळ टेकडीवर. तिथं गाडी रोलरवर चढवून, आधीच ठरवलेल्या क्रमानं वेग कमी-जास्त करत पळवतात. रोलरवर घाट नसतो, की पुढे रखडलेला ट्रेलर नसतो.

जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आली. बॅटरी 30.2 युनिटची, कागदावर रेंज 312 किलोमीटर. रस्त्यावर ती दोनशेच्या आसपास भरते, हे मालक मंडळींनी लवकरच एकमेकांना सांगून टाकलं.

(दृश्य: बोरघाट, पाऊस.)

मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर. हिशेब जमतो, पण वाटेत बोरघाट आहे. खोपोली ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटर चढण. माणसांसकट पावणेदोन टनांच्या गाडीला नुसतं वर यायलाच अडीच-तीन युनिट लागतात, म्हणजे त्या बॅटरीचा जवळजवळ दहावा हिस्सा. मुंबईकडे उतरताना मोटरच वीज तयार करते आणि त्यातलं थोडं परत मिळतं. आता मोठ्या बॅटरीच्या गाड्या आल्यात, धाकधूक कमी झालीय.

तरी लोक विचारतात, गणपतीत कोकणात कसं जायचं? रोज तीस किलोमीटर फिरणारा माणूस वर्षातल्या एका प्रवासासाठी अडून बसतो, म्हणून त्याला हसणारे आहेत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. घरात गाडी एकच असेल, तर ती गावालाही पोचली पाहिजे. त्या आठवड्यात चार्जरपुढची रांग कुणाला चुकणार आहे?

बॅटरीची हमी त्या नेक्सॉनला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर. नवव्या वर्षी सेकंड हँड बाजारात भाव काय येईल, याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही.

(दृश्य: सोसायटीचं पार्किंग. भिंतीवर मीटरची रांग.)

खरी गाडी अडते ती इथं. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तीस युनिट भरायला दहाएक तास, म्हणजे रात्रीचं काम. बंगलेवाल्याला त्यात अवघड काहीच नाही. चौथ्या मजल्यावरच्या माणसानं काय करायचं? घरच्या मीटरवरून खाली वायर ओढायची, की पार्किंगमध्ये वेगळा मीटर घ्यायचा? आग लागली तर जबाबदार कोण? आज एकाला एनओसी दिली की उद्या दहा जण मागतील, इमारतीचा लोड तेवढा आहे का? हे प्रश्न कमिटीचे आहेत आणि रास्त आहेत.

फक्त ते वार्षिक सभेत निघतात 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात. त्याआधी गच्चीच्या लीकेजचा विषय असतो, आणि तो संपेस्तोवर साडेदहा वाजलेले असतात.