बाटलीची झाकणं आणि एल अनात्सुई

हा पहिला फोटो बघा. लांबून जरीचा शालू भिंतीवर टांगलाय असं वाटतं ना, सोनेरी, मधेच लाल, मधेच काळा पट्टा, वळ्या पडलेल्या. जवळ गेलात की कळतं, अहो हे तर पत्र्याचं आहे! दारूच्या बाटल्यांची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं, हजारो, चपटी केलेली, दुमडलेली, पिळलेली, भोकं पाडून तांब्याच्या तारेनं एकमेकांना बांधलेली. करणारा माणूस एल अनात्सुई. जन्म १९४४, घानातल्या अन्याकोचा, पण १९७५ ला नायजेरियात न्सुक्काच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला गेला आणि मग बरंचसं करिअर तिथेच झालं.

आपल्याकडे असलं काही दाखवलं की पहिली रिअ‍ॅक्शन ठरलेली, "वा, टाकाऊतून टिकाऊ!" म्हंजे आपण शाळेत आईस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड करायचो त्याचंच मोठं व्हर्जन. माझं भांडण आहे ते याच्याशी. कचरा वाचवायचा एवढंच असतं तर कुठलाही कचरा चालला असता की, प्लॅस्टिकच्या पिशव्या काय कमी आहेत का. मग हा दारूचीच झाकणं घेऊन वीस-पंचवीस वर्षं का बसलाय?

तर आधी थोडं मागे जाऊ. घानातल्याच कुमासीला आर्टचं शिक्षण झालं १९६९ ला, तेही बरंचसं ब्रिटिश पद्धतीचं, प्लॅस्टर वगैरे. मग तिथल्याच विनेबा गावात नोकरी लागली आणि तिथल्या बाजारात बायका ज्या लाकडी परातींमध्ये माल मांडून बसतात ना, त्याच त्यानं उचलल्या आणि त्यावर तापलेल्या सळईनं नक्षी डागली. पुढे फुटकी मडकी. पुढे लाकडाच्या फळ्या, आणि त्या कापायला चेनसॉ, म्हणजे यंत्रावर चालणारी करवत, १९८० ला अमेरिकेत एका रेसिडेन्सीला (कलाकारांना राहून काम करायला बोलावतात ती) गेला होता तिथे हातात आली ती. चेनसॉचं त्याला काय पटलं माहितीये, ती लाकूड ओरबाडते. युरोपियन लोकांनी आफ्रिकेचा नकाशा असाच कापला, कुठली भाषा कुठे संपते कोण कोणाचा सोयरा हे न बघता, सरळ रेघा मारून. परात घ्या, मडकं घ्या, सगळ्यात एक कॉमन आहे, ती वस्तू आधी कुणाच्या तरी हातात वापरली गेलीये. कोरा माल त्याला नकोच असतो.

आता झाकणं. १९९८ च्या आसपास न्सुक्काजवळ त्याला झाकणांनी भरलेली एक पिशवी सापडली. ती स्टुडिओत नुसती पडून होती बरेच दिवस, काय करायचं सुचत नव्हतं. पण दारू म्हटलं की पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फक्त दारू नसते हो. युरोपियन व्यापारी जहाजांतून जो माल आणायचे त्यात दारू असायची, त्या मालाच्या बदल्यात माणसं घेतली जायची, ती अटलांटिक पलीकडे कॅरिबियनच्या उसाच्या मळ्यांत, उसाच्या मळीची रम, आणि ती रम परत व्यापारात. हे सगळं त्या एवढ्याशा पत्र्यावर आहे. आणि त्यावरची नावं तरी वाचा, डार्क सेलर, बकासी, इकोमॉग. बकासी म्हणजे नायजेरिया आणि कॅमेरून ज्याच्यासाठी भांडले तो प्रदेश, इकोमॉग म्हणजे लायबेरियाच्या यादवीत गेलेली पश्चिम आफ्रिकी देशांची फौज. दारूच्या ब्रँडला फौजेचं नाव! तिथला वर्तमानपत्राचा मथळाच झाकणावर छापून येतो म्हणा ना.

कापडाचा मुद्दा राहिला. घानातला केंटे, हातमागावर विणलेल्या पट्ट्या जोडून केलेलं कापड, ते अनात्सुईचे वडील आणि भाऊ विणायचे. तो स्वतः मात्र नातेवाईकाकडे मिशनच्या आवारात वाढला. ब्रिटिश म्युझियमकडे त्याची सुरुवातीची दोन झाकणवाली कामं आहेत, 'मॅन्स क्लॉथ' आणि 'वूमन्स क्लॉथ', तेव्हा केंटेचा संबंध नावातच आहे. पण सगळंच केंटेवर नेऊन ठेवू नका, टीकाकारांनी ते जरा जास्तच केलंय असं मला वाटतं.

मघाशी कोणीतरी विचारलं की बांधायचं काम तर न्सुक्काची पोरं करतात, मग कलाकार हा कसा? रास्त प्रश्न आहे. पोरं छोटे छोटे तुकडे बांधून देतात, झाकणाचा वरचा गोल वेगळा, कडेची पट्टी वेगळी, प्रत्येकाचं टेक्श्चर वेगळं, काही जाळीसारखे आरपार दिसणारे. मग ते तुकडे जमिनीवर पसरून हा हलवत राहतो, फोटो काढतो, बघतो, परत हलवतो. डिझाईन आधी कागदावर नसतं.

आणि गंमत पुढे आहे. काम घडी घालून खोक्यातून जातं आणि कसं टांगायचं याच्या सूचना तो सहसा देत नाही. म्युझियमवाल्यांनी ठरवायचं, वळ्या कुठे, उंची किती. म्हणजे तेच काम न्यूयॉर्कात वेगळं आणि दुसरीकडे वेगळं दिसणार. २००७ ला व्हेनिसमध्ये एका जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवरच बाहेरून लटकवलं होतं. तिथल्याच बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, २०१५ ला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला त्याला. २०२३ ला लंडनच्या टेट मॉडर्न या म्युझियमच्या टर्बाइन हॉलमध्ये त्यानं शिडासारखं प्रचंड काम टांगलं, त्यावर लाल चंद्र, सगळी दारूचीच झाकणं. टेट गॅलरी कुणाच्या पैशातून उभी राहिली? हेन्री टेट, साखरवाला. साखर, रम, जहाजाचं शीड, वेगळं काही समजावून सांगायची गरजच नाही. फक्त कधीकधी हे क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन मांडणारे लोक ते इतकं सुंदर लाईट मारून उंचावर टांगतात की झाकणावरचं नाव वाचायला कोणी जवळ जाऊच शकत नाही, आणि ते मला आवडत नाही.