खिशातली सॉर्बिट्रेट, कपाटातली गोळी

(ठाण्यात नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर एका निवृत्त औषधविक्रेत्या बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय 'औषधांचा सुरक्षित वापर'. कुठल्या औषधांचा, ते लिहिलेलं नाही. कार्यवाहांनी परवा फोनवर विचारलं, "ताई, ते नाव फळ्यावर नको ना?" म्हटलं, फळ्यावर नको तर नको, पण बोलणार मी त्याच्यावरच. मागच्या रांगेतले दोघे आत्ता उठून बाहेर गेले. त्यांना तहान लागली असावी.

पुरुषांना लिंगाला ताठरता येत नाही, किंवा येते पण टिकत नाही, त्यासाठी ज्या गोळ्या देतात त्यांच्याबद्दल मी बोलणार आहे. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल. सिल्डेनाफिल म्हणजे जगाला व्हायग्रा म्हणून ठाऊक झालेली. तीस वर्षं मी आणि माझे मिस्टर ठाणे स्टेशनजवळ मेडिकल चालवत होतो. फार्मसीची पदवी माझी, त्यामुळे परवान्यावर फोटो माझा आणि काउंटरला बहुतेक वेळ मीच. आता विचार करा. पन्नाशी-साठीचा गृहस्थ दुकानात येतो. मला बघतो. "एक क्रोसिन द्या." देते. "एक इनो." देते. मग उगाच खोकल्याच्या बाटल्यांकडे बघत उभा राहतो. दुसरं गिऱ्हाईक आलं की निघून जातो. रात्री साडेनऊला, मिस्टर काउंटरला असले, की तोच माणूस परत. एकाच दिवसात दोन-दोन क्रोसिन घेऊन गेलेले लोक मी पाहिलेत, डोकं कुणाचंही दुखत नव्हतं.

शेवटी मी काउंटरवर कोऱ्या कागदांचं पॅड आणि पेन ठेवलं. बोलायला जड जात असेल तर लिहून द्या. लोक लिहायला लागले, आणि तेव्हा मला कळलं की ते काय काय एकत्र घेत होते. म्हणून आजही तुम्हा सगळ्यांच्या हातात कागद दिलेत. नाव घालू नका. महिलांनीही लिहा.

आता गोळी काम कशी करते ते बघू, कारण सगळा धोका त्यातच आहे. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा. वरून नळ, खालून पाणी जायला भोक. मनात इच्छा जागी झाली की शरीर तिथल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. हा झाला नळ उघडणं. त्यामुळे एक द्रव्य तयार होतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त भरतं, ताठरता येते. त्याच वेळी एक विकर, म्हणजे एन्झाइम, हे द्रव्य मोडत असतं, म्हणजे भोकातून पाणी जात असतं. गोळी फक्त ते भोक बुजवते. नळ उघडत नाही. म्हणून इच्छाच नसेल, भांडण झालेलं असेल, मन दुसरीकडे असेल, तर गोळी खाऊन माणूस बसून राहतो आणि सकाळी माझ्याकडे येऊन म्हणतो, "बाई, माल डुप्लिकेट आहे." नळच उघडला नाही, तर नुसतं भोक बुजवून टाकी भरेल का?

हे औषध सापडलं तेही चुकून. इंग्लंडमधल्या सँडविच नावाच्या गावात फायझरचे संशोधक हृदयाच्या दुखण्यावर, अंजायनावर, गोळी शोधत होते. छातीच्या दुखण्यावर तिचा गुण बेताचाच. पण चाचणीत गोळी घेणारे पुरुष वेगळंच काहीतरी सांगायला लागले. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडवरच्या कामासाठी तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. आणि ज्यांच्या नावानं ते पारितोषिक दिलं जातं, त्या आल्फ्रेड नोबेलना म्हातारपणी डॉक्टरांनी हृदयासाठी कोणतं औषध सांगितलं होतं? नायट्रोग्लिसरीन. ज्याच्यापासून त्यांनी डायनामाइट बनवलं, तेच.

हे सांगण्याचं कारण आहे. तुमच्यातल्या किती जणांच्या खिशात आत्ता सॉर्बिट्रेट आहे? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. काहींना डॉक्टरांनी दिलीय, आणि बाकीच्यांना, खरं सांगा, व्हॉट्सअॅपने. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवा, असा मेसेज वर्षातून दोनदा तरी फिरतो. सॉर्बिट्रेट नायट्रोग्लिसरीनच्याच कुळातली. नायट्रेट. ती काय करते? नळ उघडते, आणि एका जागी नाही, अख्ख्या शरीरात. एरवी भोक उघडं असतं म्हणून ते पाणी निघून जातं. पण आदल्या रात्री गोळीनं भोक बुजवलेलं असलं तर? सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. माणूस घाम येऊन कोसळतो, मेंदूला आणि हृदयाला रक्त पुरत नाही. जीवही जातो.

तुमच्या घरातलं चित्र बघा. रात्रीचे साडेअकरा. यजमानांनी दहा वाजता गुपचूप गोळी घेतलीय. गोळी कुठे असते? कपाटात, जुन्या पासबुकांच्या खाली. बायकोला पत्ता नाही. छातीत कळ येते. ती माउली घाबरते आणि शहाण्या बाईनं करावं तेच करते, देव्हाऱ्याशेजारच्या डब्यातली सॉर्बिट्रेट काढून जिभेखाली ठेवते. चूक कुणाची?

म्हणून आता सांगते ते कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांनी तुम्हाला नायट्रेट दिलं असेल, रोजचं असो की दुखलं तर घ्यायचं असो, सॉर्बिट्रेट असो, नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा फवारा असो, तर ताठरतेची ही कुठलीच गोळी तुमच्यासाठी नाही. अर्धीसुद्धा नाही. निकोरँडिल नावाची हृदयाची गोळी असते, तिलाही हेच लागू. आणि ज्यांना नायट्रेट दिलेलं नाही पण गोळी घेतात, त्यांच्या छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास, टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास. जे चाललंय ते थांबवायचं, १०८ ला फोन करायचा, आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं: मी अमुक गोळी इतक्या वाजता घेतलीय. नर्सबाई समोर असल्या तरी. त्यांनी तुमच्यापेक्षा लाजिरवाणं बरंच काही ऐकलेलं असतं.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणारेही इथे असणार. "रात्री चार वेळा उठावं लागतं" म्हणणारे हात मघाशी मला दिसलेच. तीही रक्तवाहिन्या थोड्या सैल करते. दोन्ही एकत्र चालतच नाहीत असं नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, मात्रा अगदी कमीपासून सुरू करायची, आणि पलंगावरून उठताना दोन मिनिटं कडेला बसून मग उभं राहायचं. नाहीतर रात्री न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडायचं आणि कारण सांगताना ततपप व्हायची. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरची काही औषधं ही गोळी शरीरात साठवून ठेवतात, म्हणजे ५० ची १०० होते. केमिस्टला सगळी औषधं दाखवा, एवढंच माझं म्हणणं.

मात्रेचं म्हणाल तर सिल्डेनाफिल साधारण ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. पासष्टीच्या पुढे, किंवा यकृत-मूत्रपिंडाचा त्रास असला तर २५ पासून. तासभर आधी घ्यायची. चोवीस तासांत एकच. रात्रीचं मटण, वर बासुंदी, आणि मग गोळी, असं केलं तर ती पोटातच रेंगाळते. दारूचंही तसंच. एखादा पेग झाला तर झाला, पण चार पेगांनंतर जे बिघडतं ते कुठलीच गोळी सुधारत नाही. टाडालाफिलला जेवणाचं बंधन नाही आणि तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो. लोकांना वाटतं ३६ तास तसंच राहणार की काय! तसं नाही हो. इच्छा झाली तर जमतं, इतकंच. आणि पहिल्या वेळी जमलं नाही म्हणून गोळी फेकू नका आणि दुप्पटही करू नका. नीट पद्धतीनं सहा-आठ वेळा घेऊन पाहिल्याशिवाय ती लागू पडत नाही असं म्हणता येत नाही.

डोकं दुखतं, चेहरा लाल होतो, नाक चोंदतं, पित्त होतं, टाडालाफिलनं पाठ धरते. हे चालतं, उतरतं. सिल्डेनाफिलनं काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं, कारण डोळ्याच्या पडद्यात त्याच विकराचा भाऊबंद असतो. पण अचानक एका डोळ्यानं दिसेनासं झालं, अचानक ऐकू येईना, किंवा ताठरता चार तासांवर गेली आणि उतरेना, तर लगेच दवाखाना. चार तासांवर टिकली म्हणून खूश होणारे महाभाग असतात. तिथलं रक्त साचून राहतं, प्राणवायू मिळत नाही, पेशी मरतात आणि मग पुढे कायमचंच संपतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आमच्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा एक मुलगा यायचा. मुलगाच म्हणते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. प्रिस्क्रिप्शन नाही. ही शेड्यूल एच मधली औषधं, स्ट्रिपवर लाल रेघ असते, डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय देता येत नाहीत. मी नाही म्हणायचे, तो पुढच्या दुकानातून आणायचा. ते मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. एकदा म्हटलं, "दादा, साखर तपासलीस का कधी?" हसला. दीडेक वर्षानं त्याची बायको अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या न्यायला आली.

लिंगातल्या रक्तवाहिन्या एक ते दोन मिलिमीटर रुंद असतात. हृदयाच्या तीन ते चार. चरबीचा थर साचायला लागला की आधी कुठली तुंबणार? बारीकच. म्हणून ताठरतेची तक्रार बऱ्याचदा हृदयाच्या दुखण्याच्या दोन-चार वर्षं आधी येते. मधुमेहात तर फारच. ही शरीराची आगाऊ नोटीस असते, आणि आपण काय करतो? गोळी घेऊन नोटीस चिकटवलेली भिंतच रंगवून टाकतो. डॉक्टरकडे जायचं ते गोळीसाठी नाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इसीजी यांच्यासाठी जायचं. नुकताच झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर महिनोन्महिने थांबावं लागतं. एरवी साधा अंदाज म्हणून डॉक्टर विचारतात, वीस मिनिटं सपाटीवर चालून दोन जिने भराभर चढलात तर धाप लागते का, छाती भरते का? ठाणेकरांना वेगळी चाचणी कशाला हवी! तलावपाळीला चक्कर मारा आणि स्टेशनचा पूल चढा.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, नैराश्यावरच्या गोळ्यांनीही ताठरता कमी होते. ती गोळी परस्पर बंद करू नका. बदलून मिळते. सिगारेट मात्र परस्पर बंद केली तरी चालेल, मी काही म्हणणार नाही.

लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद सगळ्यांनी वाचलेत. 'खोई हुई ताकत', खाली मोबाइल नंबर. अशा जाहिरातींवर १९५४ सालच्या कायद्यानं बंदी आहे. कागद सत्तर वर्षं चिकटतोच आहे. लोक म्हणतात, "ते आयुर्वेदिक असतं हो, साइड इफेक्ट नाही." 'हर्बल' म्हणून विकलेल्या अशा पुड्या आणि कॅप्सूल तपासल्या तेव्हा कितीदा तरी आत चक्क सिल्डेनाफिल सापडलंय, किती घातलंय त्याचा पत्ता नाही. अमेरिकेचं औषध प्रशासन तर असल्या मालाच्या याद्याच काढत असतं. हृदयरोगी माणूस मुद्दाम ॲलोपथी टाळून पुडी घेतो आणि सकाळी सॉर्बिट्रेट. त्यानं काळजी घेतली म्हणूनच तो फसतो.

आणि एक आमच्या दुकानातलं. एक बाई सिल्डेनाफिलचं प्रिस्क्रिप्शन घेऊन आल्या. स्वतःसाठी. आमच्या पोऱ्यानं ते वाचलं आणि हसला. त्या बाईंना फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढण्याचा आजार होता, त्यातही हेच औषध देतात, २० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. लहान मुलांनाही देतात. त्या बाई पुन्हा आमच्या दुकानात आल्या नाहीत. पोऱ्याला मी झापलं, पण शिकवायला हवं होतं ते आधी.

चला, चिठ्ठ्या वाचते. "वय ७४. या वयात शोभतं का?" शोभण्याचं औषध मेडिकलमध्ये मिळत नाही. हृदय तपासून घ्या.

"माझा मुलगा तिशीचा आहे, त्याच्या बॅगेत सापडल्या." ओरडू नका. या वयात बऱ्याचदा धास्तीच असते. पहाटे उठताना ताठरता येत असेल तर नळ-टाकी बहुतेक ठीक असते, बोलून सुटण्यासारखं असतं. पण डॉक्टरला दाखवू दे, आणि पबमध्ये 'पॉपर्स' म्हणून हुंगायची बाटली मिळते, तीही नायट्राइटच. गोळीबरोबर ती हुंगली तर सॉर्बिट्रेटसारखाच घात, हे त्याला नक्की सांगा.

ही शेवटची. अक्षर बाईचं दिसतंय. "हे घेतात असा मला संशय आहे. विचारलं तर चिडतील. सॉर्बिट्रेट घरात आहे, डॉक्टरांनी दिलेली नाही. काय करू?"

वहिनी, घेता का, असं विचारूच नका. डबा हातात घेऊन एवढंच म्हणा: "अहो, रात्री तुमच्या छातीत दुखलं तर ही मी तुमच्या जिभेखाली ठेवायची ना?" आणि थांबा. ते पेपरातून मान वर न काढता "आज नको" म्हणाले, तरी पुरे. डबा शेजारणीकडे देऊन टाका आणि सोमवारी डॉक्टरांची वेळ घ्या. दोघांची.