रेघ चित्रकाराची, गाठ विणकराची

मित्रहो, आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांची नावं कोल्हापुरात कुणाला सांगावी लागत नाहीत. पण पट्टणकोडोलीच्या यात्रेत ज्या घोंगड्यांवर माणसं बसतात, त्या विणणाऱ्या एका तरी सनगराचं नाव आपल्याला ठाऊक आहे का? आजचा विषय पॅरिसमधल्या गालिच्यांचा असला, तरी मला तिथंही हाच प्रश्न पडतो.

डिझायनर आयलीन ग्रे आणि तिची मैत्रीण एव्हलिन वाइल्ड मोरोक्कोत गेल्या, तिथल्या बायकांकडून लोकर रंगवायला आणि विणायला शिकल्या. 1910 च्या सुमारास त्यांनी पॅरिसमध्ये माग मांडले. नक्षी ग्रेची; माग, लोकर, कारागीर हे सगळं वाइल्ड बघायची. आज गालिचा ‘ग्रेचा’ म्हणूनच ओळखला जातो. पुढं 1920 च्या दशकापासून मारी क्युतोलीनं ‘मीरबोर’ या आपल्या पॅरिसमधल्या दालनामार्फत लेजे, मिरो, ल्युर्सा, आर्प या चित्रकारांची चित्रं लोकरीत उतरवली. अल्जीरियातल्या ज्या बायांनी ते गालिचे विणले, त्यांची नावं कुठं आहेत?

विणणाऱ्याचं नाव द्यायला हवं, कारण चित्र विणणं म्हणजे नुसती नक्कल करणं नाही. आपली घोंगडी म्हणजे सरळ ताणा-बाणा. गाठीच्या गालिच्यात ताण्याच्या दोन-दोन धाग्यांना लोकरीची एकेक गाठ मारायची, ओळ पुरी झाली की बाणा घालायचा आणि पंजानं, म्हणजे जड फणीनं, ठोकून बसवायचं. चौरस इंचात 100 गाठी धरल्या, तर सहा बाय नऊ फुटांच्या गालिच्याला 7,77,600 गाठी लागतात. इंचाला दहाच गाठी, म्हणजे इंचाच्या दहाव्या भागाहून बारीक रेघ तिथं उमटूच शकत नाही. मिरोची केसासारखी वळणदार रेघ आली की तिच्या पायऱ्या होतात. पायरी कुठं सरकवायची, रेघ एका गाठीची ठेवायची की दोन, हे आलेखाच्या कागदावर नक्षी उतरवणारा आणि मागावर बसलेला माणूस ठरवतो. तो चुकला तर वळण मरतं!

रंगाचंही तसंच. जलरंगात ओला कुंचला फिरवला की निळा आपोआप फिका होत जातो. लोकरीत प्रत्येक छटेचं सूत वेगळं रंगवावं लागतं. शिवाय लव, म्हणजे गाठींची वर आलेली टोकं, एका बाजूला झुकलेली असते. त्यामुळं तोच निळा एकीकडून गडद दिसतो, उलट बाजूनं उजळ. लेजेचा कागदावरचा सपाट, ठाम रंग इथं चालत्या माणसाबरोबर बदलतो. मला तर हे मूळ चित्रापेक्षाही जास्त आवडतं.

इथं चित्रकलेचे विद्यार्थी बसलेत, त्यांना एक सांगतो. नक्षी विणायला देताना नुसता छापील कागद पाठवू नका. रंगवलेल्या लोकरीच्या लडी हातात घेऊन, उन्हात धरून रंग ठरवा. पहिली वीतभर वीण होईपर्यंत मागाशेजारी बसा, विणकर काय सुचवतोय ते ऐका. आणि प्रदर्शनात पाटी लावाल, तेव्हा तुमच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याचंही नाव लिहा.