दाढेतला खडा, हार्ट आणि किडनी

मंडळी, हल्ली पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइल पुढं करतात, डॉक्टर हे बघा की वो, दाढेत खडा म्हणजे हार्ट ब्लॉक न् किडनी खलास! निपाणी, खानापूरकडनं पण लोक आलेत, तर आज ह्याच्यावरच बोलू.

दाताच्या मधोमध पोकळी असते, नस आणि रक्तवाहिन्या तिच्यातच. तिथं कॅल्शियम साठून खडे होतात, पल्प स्टोन म्हणतात त्याला. वय, जुनी कीड, खोल भरलेलं सिमेंट, मार, काहीही कारण असतंय, कधी सापडतच नाही. दुखत सहसा नाही, दुसऱ्याच कामाला दाताचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढला की दाढेत पांढरा ठिपका दिसतो. त्रास होतो तो रूट कॅनल करताना आम्हाला, कॅनलचं तोंडच सापडत नाही.

आता हार्ट. काही अभ्यासांत हार्टच्या पेशंटांत हे खडे जास्त दिसले, काहींत फरकच नाही. वय वाढलं की दोन्ही वाढतंय, तिथंच सगळा घोळ. नुसत्या खड्यावरनं ईसीजी काढायला पळू नका.

मुतखड्याचं पण तसंच. तो बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा, दातातला कॅल्शियम फॉस्फेटचा, एक झाला म्हणून दुसरा होतोच असं नाही. पण किडनी खरंच निकामी व्हायला लागली की गोष्ट वेगळी. फॉस्फरस रक्तात साठतो, गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथीचं हार्मोन वाढतं, हाडातलं कॅल्शियम सुटतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं. अशा पेशंटच्या फोटोत दाताची पोकळी बारीक झालेली दिसते, मुळाभोवतीची ती पांढरी रेघ पुसट होते, जबड्याचं हाड धुरकट. हे मात्र मी बघतोच.

आणि जे खरं बघायचं ते दाताच्या बाहेर असतंय. पूर्ण जबड्याचा फोटो, ओपीजी, काढला की मानेचा थोडा भाग पण येतो, जबड्याच्या कोनाच्या खाली-मागं, तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळ कधी कधी पांढरे तुकडे दिसतात, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिडमधलं ते कॅल्शियम असू शकतं. 1981 साली फ्रीडलँडर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टनं हे मांडलं. गळ्याचं हाड, जुन्या गाठी पण तशाच दिसतात, म्हणून मानेची डॉपलर सोनोग्राफी करून घ्यायची. बीपी, शुगर, बिडी असलेल्यांनी तर टाळूच नका. मिश्रीवाल्या अक्का, हसू नका, हिरड्यांसाठी तुम्हाला वेगळं बोलणार हाय मी.

किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका. डायलिसिसला हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, देतात, रक्त थांबत नाही, म्हणून दात काढायचा तर सहसा दुसऱ्या दिवशी. आणि खडा फोडून घ्यायचा काय म्हणून मागनं कुणीतरी विचारलं बघा. रूट कॅनल करायचंच नसेल तर हातच लावायचा नाही.