खेळायला यायचं, बरं व्हायला नाही

(हॉल. जमिनीवर चिकटपट्टीने आखलेलं कोर्ट. बॉल जमिनीवर पडल्याचा आवाज.)

समोर जो खेळ चाललाय त्याचं नाव बोचिया. एक पांढरा बॉल टाकून ठेवायचा आणि मग एकाने लाल, दुसऱ्याने निळे असे सहा सहा बॉल त्याच्या जमेल तेवढं जवळ न्यायचे, संपला खेळ. बॉल साधारण २७५ ग्रॅमचा असतो, फार टणक नसतो, टप्पा खाऊन पळत सुटत नाही. १९८४ पासून हा पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये आहे पण आज मेडलबिडलचा विषय नाही, आज इथे लोक निव्वळ वेळ घालवायला आलेत.

आता त्या कडेच्या मुलीकडे बघा. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही, हात पाहिजे तसे चालत नाहीत, म्हणून तिच्यासमोर एक रॅम्प ठेवलाय, घसरगुंडीच समजा, आणि डोक्याला पट्टा बांधून त्याला एक दांडी लावलीय. बॉल रॅम्पवर ठेवला की ती दांडीने तो अडवून धरते, आणि डोकं जरासं मागे घेतलं की बॉल सुटतो. शेजारी तिचा मदतनीस बसलाय, आणि तो बसलाय कोर्टाकडे पाठ करून. चुकून नाही हां, नियमच आहे तसा. त्याने वळून बघायचं नाही, सुचवायचं नाही, ती जे सांगेल तेवढंच करायचं. ती डोळ्यांनी डावीकडे खूण करते, तो रॅम्प बोटभर सरकवतो, ती मान हलवते, नाही, एवढं नको, तो परत मागे घेतो. बॉल कुठे गेला हे त्याला कळतं ते तिचा चेहरा बघून.

दिव्यांग लोकांसाठी मनोरंजनाचे कार्यक्रम चालवायचे असतील तर माझ्या मते सगळ्यात आधी हा मदतनीस नीट बघावा. मदत पूर्ण आहे, त्याच्याशिवाय खेळ होणारच नाही, पण काय करायचं ते ठरवणारा तो नाही.

आणि नेमकं हेच बहुतेक ठिकाणी उलटं होतं. कार्यक्रम कुठला हे संस्थेने ठरवायचं, वेळ हॉलवाल्याने ठरवायची, मुलाला काय आवडतं ते आईने सांगायचं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो बसलाय कोपऱ्यात हातात फुगा घेऊन. चाळीस वर्षांचा माणूस, फुगा घेऊन. त्याला पत्ते खेळायचेत, त्याला कुणी विचारलेलंच नाही.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

दुसरी एक सवय आहे, प्रत्येक गोष्टीला उपचार बनवायची. चित्रं काढली तर बोटांना व्यायाम होईल, नाचलो तर बॅलन्स सुधारेल, पोहलो तर स्नायू मोकळे होतील. होत असेल की, कोण नाही म्हणतंय. ही सवय आली कुठून तेही समजण्यासारखं आहे, कारण या खेळांचा बराचसा इतिहास सुरूच होतो हॉस्पिटलमधून. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलच्या हॉस्पिटलात १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला, उपचारात खेळ आणले, आणि २९ जुलै १९४८ ला, म्हणजे लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं बरोबर त्याच दिवशी, सोळा जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली, त्यात स्त्रियाही होत्या. त्यातूनच पुढे १९६० ला रोमला स्पर्धा झाल्या, ज्यांना आज पहिलं पॅरालिम्पिक म्हणतात, २३ देश आणि ४०० खेळाडू. गोलबॉल या अंध लोकांच्या खेळाची गोष्टही तीच, १९४६ मध्ये युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी तो खेळ काढला गेला.

पण म्हणून दर शनिवारी संध्याकाळी कुणी फक्त हसायला आलं असेल तर त्यालाही सुधारणेचा तक्ता लावायचा का? संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार आहे, डिसेंबर २००६ चा, त्यात आरोग्याचं कलम २५ वेगळं आहे, पुनर्वसनाचं २६ वेगळं आहे आणि करमणूक, फुरसत, खेळ, संस्कृती यांचं कलम ३० पुन्हा वेगळं आहे. म्हणजे करमणूक हा औषधाचा एक प्रकार आहे असं तिथे कुठे लिहिलेलं नाही, तो स्वतंत्र हक्क आहे. वाईट खेळायचाही हक्क त्यात आला, आणि अर्ध्यात उठून घरी जायचाही.

(रस्ता. गाडीचं दार उघडतं, फळी खाली येते.)

आता खरी मारामारी कुठे असते ते बघू. ती खेळात नसते, हॉलपर्यंत पोचण्यात असते.

संयोजक म्हणतात, आम्ही कार्यक्रम ठेवला, कोणी आलंच नाही, आमच्या भागात असे लोक कमीच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, साधारण दर सहा माणसांत एक. लोक आहेत हो, पण घरातून निघायला गाडी नाही, गाडी मिळाली तर पोचल्यावर दाराशी पायरी. एक पायरी, पंधरा सेंटिमीटरची, त्यावर "आम्ही उचलून घेऊ ना" हे उत्तर तयारच असतं. मोठ्या माणसाला चार जणांनी उचलून आत न्यायचं, सगळ्यांसमोर, आणि मग म्हणायचं आता मजा करा! रॅम्पचं प्रमाण साधारणपणे एकास बारा धरतात, म्हणजे पंधरा सेंटिमीटर चढायला एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब उतार लागतो. लोक काय करतात, दोन फुटांची फळी टाकतात आणि तिला रॅम्प म्हणतात, त्यावरून व्हीलचेअर मागे उलटू शकते. खुर्ची वळायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, तीही नेमकी टॉयलेटमध्येच नसते.

टॉयलेटवर जरा थांबूया, कारण यावर लाजून कुणी बोलत नाही आणि त्यापायी निम्मे लोक घरी बसतात, निम्मे हा माझा अंदाज, पण अशा लोकांशी बोलून बघा. ज्यांना स्वतःहून खुर्चीतून उठता येत नाही, डायपर बदलावा लागतो, अशा मोठ्या माणसांसाठी नुसतं रुंद दार आणि कठडा पुरत नाही, त्यांना झोपवायला बाक लागतो आणि उचलायला हॉइस्ट, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र लागतं. हे नसेल तर पर्याय काय, टॉयलेटची फरशी. ब्रिटनमध्ये २००६ पासून चेंजिंग प्लेसेस नावाची मोहीमच चालू आहे, याच एका गोष्टीसाठी. अशी सोय नसेल तर काही लोक बाहेर पडायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग तुम्ही कार्यक्रम किती छान आखलाय याला काय अर्थ उरतो.

म्हणून जाहिरात करताना "सर्वांचं स्वागत" हे वाक्य लिहून मोकळं व्हायचं नाही. पायऱ्या किती, दार किती रुंद, टॉयलेटमध्ये काय आहे काय नाही, आवाज किती असेल, सोबतच्या मदतनिसाचं तिकीट लागेल का (लागू नये, तो काही स्वतःची मजा करायला आलेला नाही), हे सगळं आधी लिहायचं, फोटोसकट. जे नाही ते "नाही" म्हणून लिहायचं. लोक समजून घेतात, येऊन परत जावं लागलं की मात्र पुन्हा येत नाहीत.

(बसून खेळलं जाणारं व्हॉलीबॉल. जाळी बुटकी.)

खेळ बदलणं त्यामानाने सोपं आहे आणि सगळ्यात मजेचंही. बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये कोर्ट दहा बाय सहा मीटरचं करतात आणि जाळी पुरुषांसाठी १.१५ मीटर, बायकांसाठी १.०५, बाकी धिंगाणा तोच. व्हीलचेअर टेनिसमध्ये बदल काय केला, तर बॉलचे दोन टप्पे चालतात, बस. त्यामुळे व्हीलचेअरवाला आणि उभा खेळणारा एकाच कोर्टवर एकमेकांशी खेळू शकतात, याला दोन टप्पे, त्याला एक. कुणावर दया नाही, कुणी मुद्दाम हरत नाही.

आणि गोलबॉल! बॉल सव्वा किलोचा, आत घंट्या. कोर्ट अठरा बाय नऊ मीटर, प्रत्येक बाजूला तिघं, आणि रेषा आखताना चिकटपट्टीच्या खाली दोरी घालतात म्हणजे हाताने पायाने चाचपून आपण कुठे आहोत ते कळतं. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी, थोडं दिसतं त्याच्याही आणि अजिबात दिसत नाही त्याच्याही. खेळ चालू असताना प्रेक्षकांनी एकदम गप्प बसायचं, कारण बॉल ऐकू आला पाहिजे. म्हणजे बघा, इथे बदलावं लागलंय ते हॉलमधल्या सगळ्यांना, फक्त "त्यांना" नाही.

प्रशिक्षणात एक इंग्रजी आद्याक्षरांची युक्ती शिकवतात, स्टेप, म्हणजे स्पेस, टास्क, इक्विपमेंट, पीपल, आपल्या भाषेत जागा, काम, साहित्य आणि माणसं, यातलं एक एक बदलून बघायचं. वाचायला पाठांतरासारखं वाटतं पण चालते. समजा साधा बॉल पास करायचा खेळ आहे आणि एकाला तो झेलताच येत नाही. जागा कमी करा, लोक जवळ येतील. तरी नाही जमलं तर झेलायच्या ऐवजी जमिनीवरून ढकलू दे. बॉल मोठा घ्या, जरा हवा काढा, हळू येईल. त्यानेही नाही झालं तर जोड्या बदला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सगळं इतकं सोपं करून ठेवाल की बाकीचे कंटाळून मोबाईल काढतील.

कर्णबधिर लोक असतील तिथे शिट्टी फुंकून काही होत नाही, झेंडा हलवा नाहीतर लाईट बंद-चालू करा. आणि खिडकीकडे पाठ करून सूचना देऊ नका, मागून उजेड आला की ओठ आणि हात दोन्ही दिसत नाहीत. ऑटिझम असलेल्यांसाठी बऱ्याचदा अडचण असते ती हॉलच्या घुमणाऱ्या आवाजाची, आणि पुढे काय होणार हे माहीत नसण्याची. आज आधी हे, मग ते, मग घरी, असा चित्रांचा तक्ता भिंतीवर लावला आणि बाजूला एक शांत खोली ठेवली की अर्धं टेन्शन जातं. त्या खोलीत जाणं म्हणजे शिक्षा नाही हे स्वयंसेवकांना आधी सांगावं लागतं, मुलांना नाही.

सुरक्षेचं थोडक्यात, पण हे सोडू नका. मणक्याची इजा वर असेल, मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागात, तर शरीराला नीट घाम येत नाही, अशा माणसाला उन्हात ठेवायचं नाही, पाण्याचा फवारा जवळ ठेवायचा. डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींना मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, कोलांटी आणि डोक्यावर उडी घ्यायच्या आधी डॉक्टरला विचारायचं. फिट आली तर वेळ बघायची, कुशीवर करायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवणं तर अजिबात नाही, आणि पाच मिनिटांच्या वर गेली की अँब्युलन्स. ही यादी मोठी करून लोकांना घाबरवून सोडण्यात मात्र अर्थ नाही. "रिस्क आहे" म्हणून ज्यांना कधीच पोहायला दिलं नाही अशी माणसं खूप आहेत, धोका सांभाळायला लागतं काय, फक्त एक तयार माणूस आणि जरा गरम पाणी.

(चहाची वेळ. खुर्च्या, गप्पा.)

स्वयंसेवक उत्साही असतात, तोच प्रॉब्लेम असतो कधीकधी. व्हीलचेअर न विचारता ढकलायला लागतात. प्रश्न विचारायचा तो शेजारच्या पालकाला, "याला पाणी हवंय का?" अरे तो समोर बसलाय ना, त्यालाच विचार. उत्तर यायला वेळ लागेल, बोर्डवर बोट ठेवून एकेक अक्षर दाखवेल, थांबायचं. मधेच वाक्य पूर्ण करून द्यायचं नाही.

वेगळा ग्रुप बरा की सगळ्यांचा एकत्र, यावर संस्थांच्या मीटिंगा तासनतास चालतात. मला तरी वाटतं दोन्ही ठेवा आणि ज्याचं त्याला ठरवू द्या. कर्णबधिरांचे आंतरराष्ट्रीय खेळ तर १९२४ पासून वेगळे चाललेत, पॅरिसला सुरू झाले, आणि त्यांना ते वेगळेच हवेत कारण तिथे सगळे खुणांच्या भाषेत बोलतात. दुसरीकडे स्पेशल ऑलिम्पिक्स, १९६८ मध्ये शिकागोला बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी सुरू झालं, त्यांनीच पुढे एकत्र संघ केले, अपंगत्व असलेले आणि नसलेले एकाच टीममध्ये. दोन्ही बरोबर आहेत.

एक गोष्ट मात्र मला मुळीच पटत नाही, ती म्हणजे वर्षाच्या शेवटी पाहुण्यांसमोर स्टेजवर सगळ्यांना नाचवायचं. ज्यांना आवडतं त्यांनी नाचावं, खुशाल. पण महिनाभर खेळ बंद ठेवून तालीम करायची ती देणगीदारांचे डोळे भरून यावेत म्हणून, मग तो कार्यक्रम कुणाचा? पैसे लागतात हे खरं आहे, हॉलचं भाडं आणि गाडीचं डिझेल कुणीतरी द्यायचंच असतं. तर देणगीदाराला साध्या शनिवारी बोलवा ना, बोचियात सहा बॉल टाकू द्या, हरू द्या.

(टेबल. रजिस्टर. फोनवर बोलणारी एक सदस्य.)

आणि कामाचं शेवटचं एक. हजेरीच्या रजिस्टरमध्ये आलेल्यांची नावं असतात, तुम्ही फोन करायचा तो यायचं बंद झालेल्यांना. फोन संयोजकाने न करता ग्रुपमधल्याच कुणीतरी केलेला बरा, खरं उत्तर मिळतं. आई आजारी आहे, सोबत कोणी नाही. गाडी सहाला निघते, मला ऑफिस सुटायलाच साडेसहा होतात. त्या एका मुलाचं ओरडणं सहन होत नाही. आणि मधूनच एखादा सरळ सांगतो, कंटाळा आला यार, दर वेळी तेच तेच. या शेवटच्या उत्तरावर संयोजकाचं तोंड पडतं. पडू नये. पुढच्या महिन्यापासून गाडी सातला, शनिवारचा एक तास पत्त्यांसाठी, आणि ज्याला कंटाळा आला त्यालाच विचारायचं, बाबा तुला काय ठेवू?